जुन्या ट्रकचं पुढचं तोंड थरथरतं, स्टेअरिंग हातात नाचतं: तपासणी कुठून सुरू करायची

"बॅलन्सिंग केलं, अलाइनमेंट केलं, चार दिवस बरी चालली आणि पुन्हा स्टेअरिंग नाचायला लागलं." सांगली-कोल्हापूर पट्ट्यात पुढच्या अ‍ॅक्सलचं काम करणाऱ्याला हंगामात हे वाक्य सतत ऐकायला मिळतं. गाडी ऊस वाहणारी टाटा १६१३ असो, दुधाची ४०७ असो की वाळू-खडीवर झिजलेली ११०९, दुखणं तेच असतं. गाडीवाल्याने पैसेही घातलेले असतात, फक्त ते चुकीच्या क्रमाने घातलेले असतात.

हे सगळं पुढे एकसंध लोखंडी बीम अ‍ॅक्सल, पाटे आणि किंगपिन (चाक ज्याभोवती डावी-उजवीकडे वळतं ती उभी पिन) असलेल्या जुन्या ट्रकांसाठी लिहितो आहे. टाटाच्या वर सांगितलेल्या गाड्या तशाच आहेत, लेलँड आणि आयशरच्या बहुतेक जुन्या गाड्यांची ठेवणही तीच. पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होणाऱ्या पिकअपला यातला टायर-रिमचा भाग लागू पडेल, बाकीचा नाही.

एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. थरथर व्हायला दोघांची जोडी लागते: चाकाला ढकलणारं काहीतरी आणि त्या चाकाला हलू देणारी ढिलाई. ढकलणारं म्हणजे बिघडलेलं टायर, वाकडी रिम, चाकातलं कमी-जास्त वजन किंवा रस्त्यावरचा खड्डा. ढिलाई म्हणजे किंगपिन, टाय रॉड एंड (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या रॉडचं टोक), हबची बेअरिंग आणि पाट्याच्या पिना यांतला प्ले, म्हणजे जोडातली मोकळी हालचाल. नुसतं बॅलन्सिंग केलं की ढकलणारं कमी होतं, ढिलाई तशीच राहते. पुढचा खड्डा आला की दुखणं परत. म्हणून एक दोष सापडला की तपासणी थांबवायची नाही, शेवटपर्यंत जायचं.

लक्षणं आधी, पाना नंतर

पाना हातात घेण्याआधी गाडी एकदा चालवून बघा, किंवा रोजच्या ड्रायव्हरला शांतपणे विचारा: कुठल्या वेगाला, रिकामी की भरलेली, ब्रेकवर की ब्रेकशिवाय, आणि हलतं ते स्टेअरिंग की सीट?

ठरावीक वेगाला, समजा पन्नासच्या आसपास, थरथर सुरू होते आणि वेग त्यापुढे गेला की कमी होते, तर पहिला संशय टायर, रिम आणि बॅलन्सवर. थरथर अगदी हळू चालतानाच आहे, दहा-वीसच्या वेगाला स्टेअरिंग संथपणे डावी-उजवीकडे लडबडतं, तर रिम वाकडी आहे, टायर आतून सुटलंय किंवा नट ढिले आहेत. या तिघांतलं काहीही असलं तरी गाडी तशीच पुढे दामटू नका.

खड्ड्यात किंवा पुलाच्या जोडावर चाक आपटलं आणि त्यानंतर स्टेअरिंग हातातून सुटेल इतकं जोरात दोन्हीकडे फेकलं जायला लागलं, वेग अगदी उतरेपर्यंत थांबेचना, तर ते खरं वॉबलिंग. इथे ढिलाई नक्की आहे. असं झालं तर दचकून ब्रेक दाबू नका. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, पण अंगठे आऱ्यांच्या आत अडकवू नका, मनगट मोडू शकतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या आणि कडेला घ्या.

फक्त ब्रेक मारल्यावर थरथरतं, एरवी नाही, तर ड्रमकडे बघा. स्टेअरिंग शांत आहे पण सीट, केबिनचा पत्रा आणि पायाखालची जमीन हादरते, तर दोष बहुधा पुढच्या चाकांत नाहीच. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा दांडा) क्रॉस, सेंटर बेअरिंग किंवा इंजिन माउंटिंग बघा. याची खात्री करायला सपाट, मोकळ्या रस्त्यावर थरथरीच्या वेगाला क्षणभर क्लच दाबा. इंजिनाचा वेग उतरला तशी थरथर गेली तर ती इंजिनाच्या बाजूची. गाडीच्या वेगाबरोबरच राहिली तर चाकाची किंवा शाफ्टची. हा प्रयोग घाटात किंवा उतारावर अजिबात करू नका.

सकाळी पहिले काही किलोमीटर धडधड होते आणि मग आपोआप जाते, ही तक्रार हंगाम संपल्यावर बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची. नायलॉन टायर एकाच जागी दबून चपटं बसलेलं असतं, गरम झालं की परत गोल होतं. यावर खर्च नको. उभी करताना हवा पूर्ण ठेवा आणि अधूनमधून गाडी थोडी पुढे-मागे करा.

आणि भरल्यावरच वॉबलिंग होत असेल तर मागचे पाटेही बघा. मागून गाडी बसली की चासी मागे कलते, त्याबरोबर पुढचा अ‍ॅक्सल आणि किंगपिनचा कल, म्हणजे कॅस्टर, बदलतो. हद्दीबाहेर भरलेल्या गाडीत चांगला अ‍ॅक्सलही नाचतो.

फुकटातली कामं

पहिलं काम पाण्याच्या पाइपचं. ऊसाच्या फडातून निघालेल्या गाडीच्या चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. काळी माती रिमच्या खोबणीत एका बाजूला गोळा होऊन वाळते आणि विटेसारखी घट्ट बसते. बाहेरून चाक स्वच्छ दिसतं, आत अर्धा किलो ढेकूळ लपलेलं असतं. १०००-२० चं टायर साठच्या वेगाला सेकंदाला साधारण पाच फेरे घेतं. रिमपाशी चिकटलेलं अर्धा किलो वजन त्या वेगाला चाकाला बारा किलोच्या आसपास ओढ देतं, आणि ती ओढ प्रत्येक फेऱ्यात एकदा, म्हणजे सेकंदाला पाच वेळा दिशा बदलते. वेग निम्मा केला की ओढ पावपट होते, म्हणून गावात गाडी शांत आणि हायवेला लागली की थरथर. आदल्या दिवशी केलेलं बॅलन्सिंग दुसऱ्या दिवशी "गेलं" असं वाटतं, त्यामागे अनेकदा हेच ढेकूळ असतं. खुरप्याने खरवडा, आतून धुवा, मग गाडी चालवून बघा.

मग हवा. टायर थंड असताना, गेजने, दोन्ही पुढच्या चाकांत सारखी. किती भरायची ते टायरच्या मापावर आणि लोडवर ठरतं, गाडीच्या पुस्तकातला आकडा धरा. हातोडीच्या आवाजावरून हवा ओळखायची सवय बऱ्याच जणांना आहे. पंक्चर ओळखायला ती ठीक, पण दोन टायरांत दहा पौंडांचा फरक असेल तर ती सांगत नाही, आणि तेवढा फरक गाडी एका बाजूला ओढायला पुरतो.

हवा बघताना टायरवर तळहात फिरवा. मळका हात नको, नीट पुसलेला हात हवा, आणि वर आलेल्या तारांकडे लक्ष ठेवा. ठिकठिकाणी उंच-सखल लाटा, कप पडल्यासारखे खड्डे लागले तर चाक बराच काळ उड्या मारत चाललंय: बॅलन्स, प्ले किंवा मेलेले शॉकअब्सॉर्बर. एका दिशेने हात सरकतो आणि उलट फिरवला की करवतीसारखी धार लागते, तर टो-इन (दोन्ही चाकांची पुढची तोंडं किंचित आत असणं) बिघडलंय. एकच खांदा खाल्लाय तर किंगपिन, कॅम्बर (चाकाचा वरच्या टोकाला आत-बाहेर कल) किंवा टो. बाजूच्या भिंतीवर फुगा असेल किंवा नक्षी एके ठिकाणी वर उचललेली असेल तर ते टायर कुठेच चालवायचं नाही, चर्चा नको. पुढच्या दोन चाकांवर एक रेडियल आणि एक नायलॉन असेल तर तेही आजच बदला. रिमोल्ड टायर पुढे घालू नका असं मी प्रत्येकाला सांगतो, मागे चालवा. पुढचा पट्टा उडाला तर स्टेअरिंग सांभाळायला वेळ मिळत नाही.

लाटा पडलेल्या टायरबद्दल आणखी एक. पुढचं सगळं काम नवं केलं तरी ते टायर थरथरतच राहतं, कारण त्याचा आकारच बिघडलाय. मग मालकाला वाटतं काम फुकट गेलं. असं टायर मागे टाका आणि मगच कामाचा निकाल लावा.

पुढे नट. डिस्कवर नटाच्या मुळापासून गंजाचे लाल ओघळ बाहेरच्या दिशेने गेलेले दिसले तर तो नट ढिला चाललाय. पूर्ण खोला. भोक गोल राहिलंय की अंड्यासारखं लांबट झालंय ते बघा. लांबट भोकाची डिस्क नट आवळून बरी होत नाही, ती भंगारात. स्टड ताणलेले किंवा आटे खाल्लेले असतील तर बदला. डिस्क आणि हब यांच्यामध्ये रंगाचा जाड थर, माती किंवा गंज राहू देऊ नका, दोघांची तोंडं ब्रशने लखलखीत करा, कारण मधला थर झिजला की नट आपोआप ढिले पडतात. समोरासमोरचे नट घेत, टप्प्याटप्प्याने आवळा. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूला उलटे आटे असतात, पाना लावण्याआधी बघून घ्या. चाक काढून बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने नट पुन्हा आवळायचेच.

या टप्प्यावरचा सगळ्यात कामाचा प्रयोग स्टेपनीचा. स्टेपनी चांगली असेल आणि माप-जात तीच असेल, तर ती आधी डाव्या बाजूला लावून गाडी चालवा, मग उजव्या. एका बाजूला लावल्यावर थरथर थांबली तर तिथून काढलेलं चाक दोषी. दोन्ही वेळा तशीच राहिली तर बॅलन्सिंगवर खर्च करण्याआधी पुढे वाचा.

जॅकवर

गाडी पक्क्या, सपाट जमिनीवर. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. जॅक अ‍ॅक्सलच्या बीमखाली, आणि चाक उचलल्याबरोबर बीमखाली घोडी (आधाराचा लोखंडी स्टँड). नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालू नका. हायड्रॉलिक जॅकचा सील बसायला कारण लागत नाही.

आधी चाक नुसतं फिरवा. शेजारी एक विट उभी करून तिच्यावर खिळा किंवा खडू असा टेकवा की टोक रिमच्या कडेच्या अगदी जवळ राहील. चाक फिरताना फट कमी-जास्त होत असेल तर रिम वाकडी. तीन मिलिमीटरच्या पुढे फरक दिसला की मी ती रिम पुढे ठेवत नाही. मग तेच टायरच्या नक्षीवर करा. रिम सरळ आणि टायर लंगडं असेल तर रिमच्या काठालगत टायरवर गोल रेघ असते ती बघा. रेघ सगळीकडे काठापासून सारख्या अंतरावर हवी. एके ठिकाणी आत गेली असेल तर टायर रिमवर नीट बसलेलंच नाही, पुन्हा बसवून घ्यावं लागेल. लॉक रिंगची (टायर अडकवून धरणारी सुटी लोखंडी कडी) रिम असेल तर हे काम टायरवाल्याकडेच. हवा असताना त्या रिंगवर हातोडी मारल्याने माणसं गेलेली आहेत. आधी व्हॉल्व्हची पिन काढून पूर्ण हवा सोडायची आणि भरताना पिंजऱ्यात भरायची, हा नियम न पाळणाऱ्या दुकानात उभं राहू नका.

आता प्ले. चाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला धरून आत-बाहेर हलवा, जड चाकाला खालून पहार लावून उचला. खट खट लागलं तर दोन शक्यता: हबची बेअरिंग किंवा किंगपिन. दोघांत फरक ओळखायची युक्ती साधी आहे आणि ती वापरली तर चुकीचा पार्ट बदलायची वेळ येत नाही. एका माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. एअर ब्रेकची गाडी असेल तर आधी इंजिन चालवून टाकीत हवा भरून घ्या. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि स्टब अ‍ॅक्सल (हब ज्यावर फिरतो तो, किंगपिनभोवती वळणारा तुकडा) एकमेकांना जखडतात. आता चाक हलवल्यावर प्ले गायब झाला तर तो बेअरिंगचा होता. तसाच राहिला तर किंगपिनचा. तरीही शंका असेल तर स्टब आणि बीम यांच्या जोडावर बोट ठेवा, डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते.

बेअरिंग ढिली असेल तर हबचं झाकण काढून नट बसवता येतो: चाक फिरवत नट आवळायचा म्हणजे रोलर जागेवर बसतात, मग पुस्तकात दिलाय तेवढा परत सोडायचा, लॉक नीट वाकवायचा. पण ग्रीस काळं-करडं, चमकणाऱ्या कणांचं निघालं तर आवळून उपयोग नाही, बेअरिंग आणि त्याचे कप बदला. नंतर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून दोन्ही हबांजवळ हाताची मागची बाजू न्या. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर जास्त आवळलंय किंवा ब्रेक घासतोय.

किंगपिनचं ग्रीसिंग हा याच टप्प्यावरचा विषय, कारण बहुतेक जण ते चाकं जमिनीवर असतानाच करतात. वजन अंगावर असताना थ्रस्ट बेअरिंगच्या पात्यांमध्ये ग्रीस शिरतच नाही. चाक उचललेलं असताना गन मारा आणि स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवत राहा. वरच्या आणि खालच्या दोन्ही बुशांतून जुनं ग्रीस बाहेर आलं पाहिजे. खालून नवं पिवळं ग्रीस येतं आणि वरून काहीच नाही, किंवा लालसर, गंजाच्या चिखलासारखं येतं, असं मी असंख्य गाड्यांत बघतो. वरचा निपल मातीने बुजलेला असतो आणि वरची बुश हंगामभर कोरडी चाललेली असते. निपल बदलायला अगदी थोडा खर्च येतो. न बदलल्याचा खर्च किंगपिनचा अख्खा सेट.

दोन माणसांची तपासणी

चाकं परत जमिनीवर. एक जण केबिनमध्ये, एक खाली. वरच्याने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं, भराभर हलवायचं, पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून. इंजिन चालू असताना खालच्या माणसाने गाडी न्यूट्रलमध्ये आणि ठोकळ्यांवर आहे याची स्वतः खात्री करूनच आत जायचं, आणि बोटं स्टेअरिंगच्या रॉडमध्ये अडकणार नाहीत अशी ठेवायची.

स्टेअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत एकेक जोड बघत या. बॉक्सचे चासीवरचे बोल्ट, ड्रॉप आर्मचा (बॉक्समधून निघणारा हलता हात) नट, ड्रॅग लिंकची (त्या हातापासून चाकाकडे जाणारा रॉड) दोन्ही टोकं, स्टबवरचा आर्म, टाय रॉडची दोन्ही टोकं. नियम एकच: एक भाग हलला की पुढचा त्याच क्षणी हलला पाहिजे. मध्ये जिथे एक हलतो आणि दुसरा वाट बघतो, तिथे प्ले. टाय रॉड एंड हाताने वर-खाली दाबून बघा. बॉल खाचेत खटकत असेल तर तो एंड आजच्या आज बदलायचा, त्यावर गाडी परत रस्त्यावर नाही. स्प्लिट पिन नसेल किंवा तिच्या जागी तार बांधली असेल तर ती तारही आजच काढा.

स्टेअरिंगच्या चाकावरचा मोकळा फेर मोजायचा असेल तर गाडीची चाकं सरळ ठेवून स्टेअरिंगच्या कडेवर सुतळी बांधा. टायर हलायला लागेपर्यंत सुतळी किती सरकते ते बघा. साध्या, मोठ्या स्टेअरिंगला दोन इंचांच्या पुढे गेली तर कुठेतरी नक्की झीज आहे. मात्र हा फेर कमी करायला स्टेअरिंग बॉक्सचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळण्याचा मोह टाळा. रॉड एंड खाल्लेले असताना बॉक्स आवळला तर प्ले तिथेच राहतो आणि बॉक्स मधोमध जाम होतो. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं, ते थरथरीपेक्षा वाईट.

पाटे आणि पिना

इकडे फार थोडे लोक बघतात. अ‍ॅक्सल पाट्यांना यू बोल्टने आवळलेला असतो आणि मधला सेंटर बोल्ट त्याला जागेवर धरतो. यू बोल्ट ढिले पडले की अ‍ॅक्सल पाट्याखाली सरकतो, घासल्याची बारीक लाल पूड पाट्याच्या बैठकीजवळ साठते. सेंटर बोल्ट तुटला तर अ‍ॅक्सल एका बाजूने मागे जातो आणि गाडी तिरकी चालते. टेप घ्या, पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंना मोजा. चाकं सरळ असताना दोन्ही मापं जवळजवळ सारखी आली पाहिजेत.

शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) पिना आणि बुश पहारीने उचलून बघा. तिथे खुळखुळ असेल तर प्रत्येक खड्ड्यात अ‍ॅक्सल थोडा पुढे-मागे डुलतो. त्याबरोबर कॅस्टर क्षणाक्षणाला बदलतो आणि वॉबलिंगला आयतं आमंत्रण मिळतं. अ‍ॅक्सल आणि पाटे यांच्यामध्ये पाचर असेल तर काढताना जाड बाजू पुढे होती की मागे याची खूण करून ठेवा. पाटे उलगडून बसवताना ही पाचर उलटी बसली आणि त्यानंतर गाडी भरकटायला लागली, हे वरचेवर घडतं. गाडी सरळ चालावी म्हणून कोणी जास्तीची पाचर घालून कॅस्टर वाढवला असेल, तर कमी वेगातली थरथर त्यातूनच येते.

शॉकअब्सॉर्बर तेल गळणारे किंवा काढून टाकलेले असतील तर बसवा. ते नसताना चाक आपटल्यानंतरच्या उड्या थांबवायला काहीच उरत नाही. पण ते ढिलाई भरून काढत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. स्टेअरिंग डॅम्पर लावून वॉबलिंग "घालवून" देणारे भेटतात. त्याने किंगपिनची झीज लपते, थांबत नाही.

ड्रम

ब्रेकवरच थरथर असेल तर ड्रम खोलावा लागतो. ड्रम गोल राहिला नाही की लायनर प्रत्येक फेऱ्यात एकदा जास्त धरतो. लांब घाट उतरल्यानंतर लगेच धुतलेल्या गाड्यांत हे दिसतं. ड्रम लेथवर कापून पुन्हा गोल करता येतो, पण त्यावर कोरलेल्या किंवा पुस्तकातल्या कमाल मापाच्या आतच, आणि एकाच अ‍ॅक्सलचे दोन्ही ड्रम सारखेच कापून घ्या. आतून निळे डाग आणि बारीक केसांसारख्या भेगा असतात. भेग काठापर्यंत गेली असेल तर ड्रम बाद. लायनरची पूड हवेच्या पाइपाने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

टो-इन म्हणजे पुढच्या चाकांच्या पुढच्या आणि मागच्या कडांमधल्या अंतरातला काही मिलिमीटरचा फरक. टाय रॉड एंडमध्येच तेवढा प्ले असेल तर सकाळी लावलेला टो संध्याकाळी कुठे असेल हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून आधी सगळा प्ले काढा, टायरची जोडी जुळवा, मग अलाइनमेंटला जा.

घरी अंदाज घेता येतो. चाक उचलून फिरवत खिळ्याने दोन्ही टायरांच्या मध्यावर बारीक रेघ मारा, चाकं खाली घ्या, गाडी ढकलून थोडी पुढे आणा म्हणजे टायर सैल होऊन बसतात. हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं अंतर किंचित कमी हवं, किती ते पुस्तकात दिलेलं असतं. नायलॉन आणि रेडियलचा आकडा सारखा नसतो. टाय रॉड फिरवून फरक काढलात तर क्लॅम्पचे बोल्ट आवळायला विसरू नका. बॅलन्सिंगही याच वेळी करा, धुतलेल्या चाकांचं.

इथे थांबा आणि जाणकार मिस्त्री गाठा

किंगपिन काढणं घरचं काम नाही. जाम झालेली पिन प्रेसने काढावी लागते. नव्या बुशांना वरच्या आणि खालच्या एका रेषेत रीमर (भोक अचूक मापाला कापणारं हत्यार) मारावा लागतो, वरखालीचा प्ले शिमने (पातळ चकत्या) बसवावा लागतो. रीमर न मारता ठोकून बसवलेला सेट घट्ट वाटतो आणि थोड्याच दिवसांत वरची बुश एका बाजूने खाल्ली जाते. एकच बाजू करून दुसरी पुढच्या हंगामावर ढकलू नका.

बीम वाकलेला वाटतो, स्टब अ‍ॅक्सलच्या कोपऱ्यात भेग दिसते, स्टेअरिंग बॉक्सच्या बोल्टांजवळ चासीला चीर आहे, बॉक्समधून तेल गळतंय: इथून पुढे हात लावू नका, गाडी टो करून न्या. स्टब, ड्रॅग लिंक, टाय रॉड, ड्रॉप आर्म यांना वेल्डिंग करतो म्हणणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याच्याकडून गाडी परत आणा. बीम गॅसने लाल करून सरळ करून देणाऱ्याकडूनही. तापवल्यावर त्या पोलादाची ताकद जाते आणि तो पुढे कधी दगा देईल याचा भरवसा नाही. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस पासिंग लागतंच. त्याच्या महिनाभर आधी ही सगळी तपासणी केली तर पार्ट मिळायला आणि काम नीट व्हायला वेळ मिळतो.

मिस्त्रीकडे जाताना कागदावर लिहून न्या: किती वेगाला, रिकामी की भरलेली, ब्रेकवर की एरवी, स्टेपनी कुठल्या बाजूला लावून बघितली, ब्रेक दाबल्यावर प्ले गेला की राहिला. एवढं हातात असलं की तो अंदाजाने पार्ट बदलत बसत नाही. काम झाल्यावर काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या. किंगपिनवर नख फिरवा: बुश बसत होती तिथे पायरी लागली तर पिन खरंच गेली होती. पिन गुळगुळीत, एकसारखी लागली तर थरथरीचं कारण अजून गाडीतच आहे, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी तिथेच उभं राहून पुन्हा जॅक लावायला सांगा.